पुण्याहून युरोपातल्या मित्राकडे: व्हिसापासून परतीपर्यंतचे नियोजन

युरोपात नोकरीसाठी गेलेल्या मित्राने ‘एकदा या ना इकडे, मिळून फिरू’ असे म्हटले की पुण्यात बेत शिजू लागतात, आणि बहुतेक वेळा ते एकाच गृहीतकावर उभे असतात: तिकडे आपले माणूस आहे, म्हणजे सगळे तोच बघेल. मी म्युनिकमध्ये बरीच वर्षे राहिले. पुण्याहून आलेल्या मैत्रिणी, त्यांची मुले आणि कधी त्यांचे आईवडील यांच्यासोबत ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड आणि इटलीपर्यंत फिरले, आणि कोथरूडला परतल्यावर म्युनिकच्या जुन्या शेजाऱ्यांकडे पाहुणी म्हणूनही जाऊन आले. दोन्ही बाजूंनी ही वाट चालल्यामुळे एक गोष्ट ठामपणे सांगते. यजमान आणि पाहुणे एकाच डब्यात शेजारी बसलेले असले, तरी कागदोपत्री ते दोन वेगळ्या प्रकारचे प्रवासी असतात. प्रवेशाची परवानगी, रेल्वेचा पास, गाडी चालवण्याचा हक्क, आरोग्य विमा, यांपैकी काहीही दोघांना सारखे लागू होत नाही, आणि सहलीत होणारे बहुतेक घोटाळे हा फरक न ओळखल्यामुळे होतात. खालची उदाहरणे मुख्यतः जर्मनीची आहेत, कारण तिथली व्यवस्था मला जवळून ठाऊक आहे. शेंगेन व्हिसाचे, म्हणजे एकाच परवानगीवर युरोपातल्या अनेक देशांत फिरू देणाऱ्या व्हिसाचे, नियम मात्र सर्व सदस्य देशांना समान आहेत.

१. आधी यजमानाची रजा विचारा, मग तारखा ठरवा

पुण्यातल्या कुटुंबांना मे महिन्याची किंवा दिवाळीची सुट्टी सोयीची पडते, म्हणून विमानाच्या दरांचा शोध तिथूनच सुरू होतो. परंतु ज्याच्या घरी जायचे आहे त्याची रजा मर्यादित असते. जर्मनीत आठवड्याला पाच दिवस काम करणाऱ्याला कायद्याने वर्षाला किमान २० दिवसांची रजा मिळते, बऱ्याच कंपन्या त्याहून अधिक देतात, पण त्यातूनच त्याला पुण्याला आईवडिलांकडेही यायचे असते. त्यामुळे ‘तू आमच्यासोबत पूर्ण दोन आठवडे फिर’ ही मागणी त्याच्या वर्षभराच्या रजेचा मोठा वाटा खाऊन टाकते. मला सर्वांत चांगला वाटलेला तोडगा असा: शनिवार-रविवार आणि त्यांना जोडून घेतलेले दोन-तीन दिवस एकत्र प्रवासासाठी ठेवावेत आणि कामाच्या दिवशी पाहुण्यांनी आपले आपण शहर बघावे.

मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर यांची निवड करताना हवामानही लक्षात घ्या. मे महिन्यात आल्प्समधल्या उंचावरच्या पायवाटांवर बर्फ असतो, आणि वसंतात व नोव्हेंबरात पर्वतावरच्या अनेक केबल कार दुरुस्तीसाठी काही आठवडे बंद ठेवतात. जून ते सप्टेंबर हा काळ डोंगर पाहण्यासाठी उत्तम. जूनमध्ये म्युनिकला रात्री नऊपर्यंत उजेड असतो आणि एका दिवसात बरेच पाहून होते. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपर्यंत मात्र म्युनिकमध्ये ऑक्टोबरफेस्ट असतो. त्या दिवसांत तिथल्या हॉटेलांचे दर फार चढतात, तेव्हा सगळे पाहुणे मित्राच्या घरात मावणार नसतील तर तो काळ टाळा.

२. अर्ज कोणत्या देशाकडे करायचा ते मुक्कामाच्या हिशेबाने ठरवा

शेंगेन क्षेत्रात सध्या २९ देश आहेत आणि एका देशाने दिलेल्या नेहमीच्या व्हिसावर या सर्व देशांत फिरता येते. पण अर्ज कुठेही करून चालत नाही. तुमच्या सहलीचे मुख्य ठिकाण ज्या देशात आहे, म्हणजे जिथे तुमचा सर्वाधिक दिवस मुक्काम आहे किंवा जो देश भेटीचा मुख्य हेतू आहे, त्याच देशाकडे अर्ज करावा लागतो. दोन देशांत सारखेच दिवस राहणार असाल, तर ज्या देशातून प्रथम प्रवेश करणार त्याच्याकडे.

इथे सर्रास होणारी गफलत अशी: मित्र म्युनिकला आहे म्हणून जर्मनीकडे अर्ज केला जातो, आणि सोबतच्या कार्यक्रमात म्युनिकला चार रात्री आणि इटलीत सात रात्री दाखवलेल्या असतात. असा अर्ज पाहणाऱ्या अधिकाऱ्याला पहिला प्रश्न हाच पडतो. म्हणून कागदावर प्रत्येक रात्रीचा मुक्काम मांडा, देशवार बेरीज करा आणि मगच अर्ज उघडा. कार्यक्रम नंतर थोडाफार बदलला तर बिघडत नाही, पण केवळ भेटीची वेळ लवकर मिळते म्हणून एका देशाचा व्हिसा घेणे आणि त्या देशात पाऊलही न ठेवणे हे पुढच्या अर्जाला मारक ठरू शकते.

लंडनचा मोह अनेकांना होतो, कारण पॅरिसहून युरोस्टार रेल्वेने ते जवळ वाटते. ब्रिटन आणि आयर्लंड हे दोन्ही देश शेंगेनमध्ये नाहीत. तिथे वेगळा व्हिसा लागतो, आणि तुमचा शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर लंडनला गेल्यावर तो संपतो. मित्राच्या घरी ठेवलेले सामान घ्यायलाही परत येता येत नाही. उलट स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसूनही शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे तिथे वेगळा व्हिसा लागत नाही.

३. मित्राकडून निमंत्रण हवे की हमीपत्र, हे स्पष्ट ठरवा

हे दोन कागद पूर्णपणे वेगळे आहेत आणि त्यांची गल्लत करू नये. निमंत्रणपत्र हे साधे पत्र असते. त्यात यजमानाने आपले नाव, पत्ता, निवास परवान्याचा तपशील, पाहुण्यांची नावे आणि पासपोर्ट क्रमांक, भेटीच्या तारखा, ओळख कशी व किती जुनी आहे आणि पाहुणे कोणत्या रात्री घरी राहणार आहेत हे लिहावे. सोबत त्याच्या पासपोर्टची आणि निवास परवान्याची प्रत आणि पत्ता नोंदणीचा दाखला जोडावा. खर्च तुम्ही स्वतः करणार असाल आणि तुमचे उत्पन्न व बँक खाते ते दाखवत असेल, तर एवढे पुरेसे असते.

हमीपत्र ही कायदेशीर बांधिलकी आहे. जर्मनीत त्याला फेरफ्लिख्टुंग्सएर्क्लेरुंग म्हणतात. यजमानाला त्याच्या गावच्या परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन, पगाराचे पुरावे दाखवून ते घ्यावे लागते, त्याचे शुल्क २९ युरो आहे आणि मूळ प्रत पुण्याला पाठवावी लागते. या कागदावर सही करणारा माणूस पाहुण्याच्या राहण्याचा, आजारपणाचा आणि वेळ पडल्यास त्याला परत पाठवण्याचाही खर्च भरण्यास बांधील होतो. फ्रान्समध्ये घरी राहणाऱ्या पाहुण्यासाठी यजमानाला नगरपालिकेकडून निवासाचा दाखला घ्यावा लागतो, आणि इतर देशांचे आपापले नमुने आहेत.

निवृत्त आईवडिलांसाठी मुलाने किंवा मुलीने हमीपत्र देणे स्वाभाविक आहे. कमावत्या मित्राने दुसऱ्या कमावत्या मित्राकडे ते मागू नये असे माझे स्पष्ट मत आहे. तो भिडेपोटी नाही म्हणणार नाही, पण कार्यालयाची वेळ मिळवण्यासाठी त्याला कदाचित कित्येक आठवडे थांबावे लागेल, आणि शिवाय तुमच्या आजारपणाची आर्थिक जोखीम त्याच्या डोक्यावर बसेल.

४. कागदपत्रांची जुळवाजुळव

पासपोर्ट गेल्या १० वर्षांत दिलेला असावा, परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैध असावा आणि त्यात किमान दोन कोरी पाने असावीत. नूतनीकरण लागणार असेल तर ते व्हिसाच्या आधी, मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रातली वेळ आणि पोलीस पडताळणी यांचा अवधी धरून उरकून घ्या. बाकी फाईल साधारण अशी लागते:

- भरलेला व सही केलेला अर्ज आणि ३५ गुणिले ४५ मिलिमीटर आकाराची अलीकडची छायाचित्रे. व्हिसाच्या छायाचित्राचा आकार स्टुडिओत सांगूनच घ्यावा.
- सहलीचा हेतू, दिवसवार कार्यक्रम, खर्च कोण करणार आणि परत येण्याची कारणे सांगणारे एक-दीड पानाचे पत्र. या पत्रातल्या तारखा विमानाच्या आरक्षणाशी, हॉटेलांशी, विम्याशी आणि मित्राच्या निमंत्रणाशी तंतोतंत जुळल्या पाहिजेत.
- नोकरी असल्यास रजा मंजुरीचे पत्र आणि शेवटच्या ३ महिन्यांच्या पगारपावत्या; व्यवसाय असल्यास त्याची नोंदणी; निवृत्त असल्यास पेन्शनचे कागद.
- बँकेचा शिक्का असलेले किमान शेवटच्या ३ महिन्यांचे खातेउतारे आणि प्राप्तिकर विवरणपत्रे. अर्जाच्या आदल्या आठवड्यात कुणाकडून उसनी घेतलेली मोठी रक्कम खात्यात टाकू नका; ती उताऱ्यात लगेच दिसते आणि उलट शंका निर्माण करते.
- किमान ३०,००० युरोचे संरक्षण देणारा, सर्व शेंगेन देशांत आणि पूर्ण मुक्कामात वैध असलेला प्रवासी वैद्यकीय विमा.
- मुलांसाठी जन्मदाखला, आणि दोघांपैकी एकच पालक सोबत असेल तर दुसऱ्याचे नोटरी केलेले संमतीपत्र.
- मुक्कामाचे पुरावे. मित्राच्या घरच्या रात्रींसाठी निमंत्रण, उरलेल्या रात्रींसाठी हॉटेलची रद्द करता येणारी आरक्षणे. मधली एकही रात्र रिकामी सोडू नका.

विम्याबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण इथे किमतीवरून निवड केली जाते आणि ती चुकते. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार आधीपासून असलेल्या ज्येष्ठांच्या बाबतीत अनेक पॉलिसी त्या आजारातून उद्भवलेला खर्च एकतर देत नाहीत किंवा केवळ जिवावर बेतले तरच देतात. पॉलिसीतला तो परिच्छेद विमा घेण्यापूर्वी वाचा. यजमानाचा जर्मन आरोग्य विमा पाहुण्यांच्या काहीही उपयोगाचा नसतो. डॉक्टरकडे जावे लागले तर साध्या तपासणीचे पैसे तुम्हीच भराल आणि नंतर कंपनीकडे मागाल, म्हणून प्रत्येक बिल व निदानाचा कागद जपून ठेवा.

५. अर्ज आणि मिळालेल्या व्हिसाचे वाचन

प्रवासाच्या जास्तीत जास्त ६ महिने आधी आणि कमीत कमी १५ दिवस आधी अर्ज करता येतो. प्रौढांचे शुल्क ११ जून २०२४ पासून ९० युरो आहे, ६ ते ११ वर्षांच्या मुलांचे ४५ युरो, त्याहून लहान मुलांना ते लागत नाही. अर्ज केंद्राचे सेवाशुल्क वेगळे असते आणि व्हिसा नाकारला तरी पैसे परत मिळत नाहीत. अनेक देशांचे अर्ज पुण्यातल्या केंद्रात स्वीकारले जातात, तिथे बोटांचे ठसे घेतले जातात आणि फाईल निर्णयासाठी पुढे जाते. महाराष्ट्रातून केलेल्या जर्मनीच्या अर्जांचा निर्णय मुंबईत होतो. नियमाप्रमाणे निर्णयाला १५ दिवस लागतात आणि गरज पडल्यास ते ४५ पर्यंत लांबू शकतात. मेच्या सुट्टीत जायचे असेल तर केंद्रातली वेळ जानेवारी-फेब्रुवारीतच घ्यावी, कारण मार्चनंतर ती मिळणे अवघड होत जाते.

तोवर विमानाचे आरक्षण दाखवावे, न परतणारे तिकीट विकत घेऊ नये.

पासपोर्ट हातात आला की स्टिकरवरच्या तीन गोष्टी वाचा: वैधतेच्या तारखा, प्रवेश किती वेळा आणि मुक्कामाचे दिवस. अनेकांची नजर फक्त तारखांवर जाते. व्हिसा १ मे ते ५ जून वैध असेल पण मुक्कामाचे दिवस २० लिहिलेले असतील, तर तुम्हाला २० दिवसच राहता येते, आणि आल्याचा व निघाल्याचा असे दोन्ही दिवस त्यात मोजले जातात. अनेक प्रवेशांच्या दीर्घ व्हिसावरही कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा असतेच.

यजमानाने याच सुमारास स्वतःच्या निवास परवान्याची मुदत पाहावी. त्या परवान्यावर त्याला इतर शेंगेन देशांत व्हिसाशिवाय फिरता येते, पण परवाना नूतनीकरणात अडकला असेल तर जर्मनीबाहेर पडण्यापूर्वी त्याने आपल्या कार्यालयाला विचारलेच पाहिजे. पाहुणे व्हिसा घेऊन तयार आणि घरचा माणूसच सीमा ओलांडू शकत नाही, अशी वेळ येऊ देऊ नका.

६. विमान आणि पुण्याहून नेण्याचे सामान

युरोपला जाण्यासाठी बहुतेक पुणेकर मुंबईचे विमानतळच गाठतात. खंडाळ्याच्या घाटातली वाहतूक शनिवार-रविवारी आणि पावसाळ्यात कधीही तुंबते, म्हणून द्रुतगती मार्गाच्या कागदावरच्या वेळेत दोन तासांची तरी भर घाला. लोहगावहून दिल्लीमार्गे जायचे असेल तर दोन्ही उड्डाणे एकाच तिकिटावर असावीत. वेगवेगळी तिकिटे घेतली आणि पहिले विमान लांबले, तर दुसरी कंपनी तुमच्यासाठी थांबत नाही आणि पैसेही देत नाही.

मित्रासाठी खाऊ नेताना युरोपीय संघाचे नियम पाळा, कारण ते कडक आहेत आणि पुणेकरांच्या पिशवीवर थेट परिणाम करणारे आहेत. संघाबाहेरून मांस, दूध आणि दुधाचे पदार्थ वैयक्तिक सामानातही नेता येत नाहीत. म्हणजे साजूक तूप, पेढे, आंबा बर्फी, खवा, चहात घालायची दूध पावडर हे सगळे घरीच ठेवायचे. बाकरवडी, चकली, भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, शेंगदाण्याची चटणी यांना अडचण नाही. ताजी फळे आणि पाने वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत, त्यामुळे हापूसची पेटी आणि कढीपत्ता यांचा विचार सोडा. नारळ, केळी, अननस, खजूर आणि ड्युरियन ही फळे मात्र या नियमातून वगळलेली आहेत. लोणचे मोठ्या बॅगेतच ठेवा, कारण हातातल्या सामानात १०० मिलिलिटरची मर्यादा तेलकट लोणच्यालाही लागू होते.

औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह आणि पूर्ण मुक्काम पुरतील इतकी न्या. त्या चिठ्ठीवर औषधाचे मूळ रासायनिक नाव लिहून घ्या. भारतीय ब्रँडचे नाव तिथल्या औषध दुकानदाराला कळणार नाही. प्रतिजैविके तिथे चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत.

युरोपात उतरल्यावर विमानतळावर १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने नवी नोंदणी पद्धत लागू झाली आहे. पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी तुमचा प्रवेश संगणकात नोंदला जातो आणि चेहऱ्याचे छायाचित्र घेतले जाते. यजमानासारख्या निवास परवानाधारकांना ही पद्धत लागू नाही. पुढच्या रेल्वेचे वेळबद्ध तिकीट घेताना या रांगेसाठी पुरेसा वेळ राखा. मित्राचा पत्ता, फोन आणि विम्याचा कागद हातात ठेवा, कारण अधिकारी विचारू शकतो.

७. रेल्वे: सर्वांत जास्त पैसे इथे वाचतात आणि इथेच जातात

रेल्वेच्या बाबतीत यजमान आणि पाहुणे यांच्यातला फरक अगदी स्पष्ट दिसतो. युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी युरेल पास असतो आणि युरोपात राहणाऱ्यांसाठी इंटररेल. निकष राहण्याचा आहे, नागरिकत्वाचा नाही, म्हणून भारतीय पासपोर्ट असला तरी म्युनिकच्या मित्राने इंटररेलच घ्यायचा असतो. त्यातही इंटररेलवर स्वतःच्या राहत्या देशात फक्त एकदा बाहेर जाताना आणि एकदा परत येताना प्रवास करता येतो. त्यामुळे जर्मनीतच फिरायचे असेल तर पाहुण्यांना पास उपयोगी पडेल आणि यजमानाला पडणार नाही.

पास घ्यावाच असेही नाही. दोन-तीन लांबचे प्रवास आणि तारखा पक्क्या असतील, तर त्या त्या रेल्वेची लवकर घेतलेली सवलतीची तिकिटे बहुधा स्वस्त पडतात. म्युनिक ते व्हिएन्ना सुमारे चार तास, म्युनिक ते झुरिक साधारण साडेतीन तास लागतात. दोन्ही मार्गांवर थेट गाड्या आहेत. पास असूनही फ्रान्समधल्या टीजीव्ही आणि इटलीतल्या वेगवान गाड्यांना आसन आरक्षणाचे वेगळे पैसे भरावे लागतात. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक गाड्यांना ते सक्तीचे नाही.

म्युनिकहून एका दिवसाच्या सहलींसाठी बायर्न तिकीट, म्हणजे म्युनिक ज्यात आहे त्या बव्हेरिया राज्याचे दिवसभराचे तिकीट, ही माझ्या मते सर्वांत उपयुक्त सोय आहे. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत प्रादेशिक गाड्यांतून दिवसभर फिरता येते, आणि ते ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गपर्यंत चालते. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी ९ नंतर लागू होते. सकाळी ८:५० च्या गाडीत बसलात तर तुमच्याकडे तिकीट नाही असेच धरले जाईल. वेगवान आयसीई गाड्यांत ते चालत नाही. डॉइचलँड तिकीट नावाचा मासिक पासही प्रादेशिक गाड्या आणि शहरांतल्या वाहतुकीसाठी आहे, जानेवारी २०२६ पासून त्याची किंमत ६३ युरो आहे. तो वैयक्तिक असतो, म्हणून मित्र आपला पास तुम्हाला वापरायला देऊ शकत नाही. शिवाय तो वर्गणीच्या स्वरूपात असल्याने महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द न केल्यास पुढच्या महिन्याचेही पैसे कापले जातात.

स्वित्झर्लंडचा स्विस ट्रॅव्हल पास त्या देशात न राहणाऱ्या कुणालाही मिळतो, म्हणजे जर्मनीतला यजमानही तो घेऊ शकतो. तो घेण्यापूर्वी डोंगरावरच्या गाड्यांचा हिशेब पाहा: रिगीचा प्रवास त्यात समाविष्ट आहे, ३,४५४ मीटर उंचीवरच्या युंगफ्राउयोखसाठी मात्र फक्त सवलत मिळते.

शहरांतल्या बस आणि मेट्रोत पुण्यासारखा कंडक्टर येऊन तिकीट देणार नाही आणि फाटकही बहुतेक ठिकाणी नसते. म्युनिक, व्हिएन्ना, प्राग इथे कागदी तिकिटावर यंत्रात छाप मारावा लागतो, इटलीत प्रादेशिक रेल्वेच्या कागदी तिकिटावरही. छाप नसलेले तिकीट म्हणजे बिनातिकीट प्रवास. तपासनीस साध्या कपड्यांत असतात, जर्मनीत दंड ६० युरो आहे आणि ‘आम्हाला माहीत नव्हते’ हे कारण चालत नाही.

८. भाड्याची गाडी घेणार असाल तर

इथे परिस्थिती उलटी होते. पाहुणा भारतीय परवाना आणि आंतरराष्ट्रीय परवाना यांवर जर्मनीत गाडी चालवू शकतो. तिथे राहायला येऊन ६ महिने झालेला यजमान मात्र भारतीय परवान्यावर चालवू शकत नाही, त्याला जर्मन परवाना लागतो. आंतरराष्ट्रीय परवाना संगम पुलाजवळच्या आरटीओमधून निघण्यापूर्वी काढून घ्या. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या महामार्गांसाठी व्हिनेट हे पथकराचे चिन्ह आधी घ्यावे लागते. स्वित्झर्लंडमध्ये ते फक्त वार्षिक मिळते, ४० फ्रँकला. इटलीतल्या जुन्या शहरांच्या मध्यभागी मर्यादित वाहतुकीची क्षेत्रे असतात, तिथे चुकून शिरले की कॅमेरा नोंद घेतो आणि दंडाची नोटीस काही महिन्यांनी गाडी ज्याच्या नावावर घेतली होती त्याच्या पत्त्यावर येते. दोन ज्येष्ठ आणि लहान मुले सोबत असतील तर आल्प्समधल्या खेड्यांसाठी गाडी सोयीची आहे. शहरांसाठी रेल्वेच बरी.

९. मार्ग आखणे आणि आधीची आरक्षणे

दोन आठवड्यांत सात देश हा कार्यक्रम मी कुणालाही सुचवणार नाही. मित्राच्या घराचा खरा फायदा असा, की बॅगा तिथे ठेवून हलक्या पाठपिशवीने जाता येते आणि परत येऊन कपडे धुता येतात. म्युनिक मुक्काम धरून साल्झबुर्ग आणि नॉयश्वानस्टाइन किल्ला हे दोन वेगवेगळ्या दिवसांत, व्हिएन्ना तीन रात्री आणि स्वित्झर्लंड चार रात्री, एवढ्यात पंधरवडा भरून जातो आणि कुणी दमत नाही. पॅरिस आणि रोम दोन्ही हवेच असतील तर ऑस्ट्रिया सोडा, आणि मग व्हिसाच्या दिवसांची बेरीज पुन्हा करा.

काही ठिकाणी वेळ आधी घ्यावीच लागते. नॉयश्वानस्टाइनच्या तिकिटावर वेळ छापलेली असते आणि ती हुकली की तिकीट वाया जाते; खालच्या गावातून वर चढायला वेळ लागतो हे ज्येष्ठांसोबत असताना विसरू नका. ॲमस्टरडॅममधल्या ॲन फ्रँकच्या घराची तिकिटे फक्त ऑनलाइन, दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या भेटींसाठी खुली होतात. पॅरिसचे लूव्र मंगळवारी बंद असते, व्हॅटिकनची संग्रहालये रविवारी बंद असतात, महिन्याचा शेवटचा रविवार सोडून. म्युनिकमधली बरीच संग्रहालये सोमवारी बंद असतात, आणि आल्टे पिनाकोथेकमध्ये रविवारी फक्त १ युरोत प्रवेश मिळतो.

रेल्वेने देश ओलांडतानाही प्रत्येकाकडे मूळ पासपोर्ट हवा. जर्मनीने सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या सर्व भूसीमांवर तपासणी सुरू केली आणि साल्झबुर्गहून परतताना पोलीस डब्यात चढून कागदपत्रे पाहू शकतात. फोनमधले छायाचित्र पुरेसे नाही, आणि यजमानाकडेही पासपोर्ट व निवास परवाना दोन्ही असावेत.

१०. पैशांविषयी मोकळेपणाने बोला

हा विषय निघण्यापूर्वीच टाळला जातो, आणि म्हणूनच तो नीट हाताळायला हवा. यजमान पहिल्या दिवसापासून स्वतःचे कार्ड पुढे करत राहतो, पाहुणे संकोचाने गप्प बसतात, आणि शेवटी दोघांच्याही मनात हिशेब राहतो. निघण्यापूर्वी ठरवा: रेल्वे, मुक्काम आणि बाहेरचे जेवण सामाईक खर्चातून, म्हणजे मित्रमंडळींच्या भाषेत कॉन्ट्रीतून, घरचे जेवण यजमानाकडून, पण किराणा आळीपाळीने. हिशेब रोज रात्री कुणीतरी एकाने नोंदवावा.

फॉरेक्स कार्डावर युरो भरून न्या आणि थोडी रोकड जवळ ठेवा. स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक, चेक प्रजासत्ताकात कोरुना, हंगेरीत फोरिंट चालते. दुकानात किंवा एटीएमवर यंत्राने ‘रुपयांत की स्थानिक चलनात’ असे विचारले तर नेहमी स्थानिक चलन निवडा, कारण रुपयांचा पर्याय निवडल्यास दर यंत्रामागची कंपनी ठरवते आणि तो महाग असतो. फोनचा पॅक घेताना त्यात स्वित्झर्लंड आहे का ते तपासा. संघाच्या रोमिंग नियमांत ते येत नाही.

११. घरात आणि रस्त्यावर

जर्मनी आणि ऑस्ट्रियात रविवारी दुकाने बंद असतात, मोठ्या रेल्वे स्थानकांवरची काही सोडून. १ मे हा जसा आपला महाराष्ट्र दिन, तशी तिथे कामगार दिनाची सुट्टी असते आणि त्या दिवशीही काही मिळत नाही. औषधांसाठी पाळीने उघडी राहणारी दुकाने असतात. नळाचे पाणी पिण्यायोग्य असते. रात्री १० नंतर इमारतीत शांतता पाळतात; तुम्ही आठ दिवसांनी निघून जाल, पण शेजाऱ्यांशी संबंध यजमानाला राखायचे असतात, म्हणून मुलांना हे आधी समजावून सांगा. कचरा कुठल्या डब्यात टाकायचा ते त्यालाच विचारा.

आणीबाणीचा क्रमांक सगळीकडे ११२ आहे. पासपोर्ट हरवला तर आधी स्थानिक पोलिसांत तक्रार नोंदवा आणि मग जवळच्या भारतीय वकिलातीशी संपर्क साधा. जर्मनीत दूतावास बर्लिनला आहे आणि वाणिज्य दूतावास म्युनिक, फ्रँकफर्ट व हॅम्बुर्गला आहेत. पासपोर्टच्या व व्हिसाच्या प्रती एक संच यजमानाकडे आणि एक पुण्यात घरच्यांकडे ठेवा.

१२. परत निघताना

खरेदीवरचा मूल्यवर्धित कर परत मिळण्याचा हक्क पाहुण्याला आहे, तिथे राहणाऱ्या यजमानाला नाही. जर्मनीत बिल ५० युरोपेक्षा अधिकचे हवे, परताव्याचा अर्ज पाहुण्याच्या नावे आणि पासपोर्ट क्रमांकासह भरलेला हवा, आणि वस्तू न वापरता विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्याला दाखवता यायला हव्यात. ती बॅग सामानात देण्यापूर्वी शिक्का घ्या. मध्ये दुसऱ्या शेंगेन देशात विमान बदलणार असाल, तर संघातून बाहेर पडताना जे शेवटचे विमानतळ असेल तिथे कोणते सामान कसे दाखवायचे ते चेक-इनलाच विचारून घ्या.

पुण्यात पोहोचल्यावर बोर्डिंग पास, हॉटेलांची बिले आणि वापरलेल्या व्हिसाचे पान यांच्या प्रती फाईलमध्ये लावून ठेवा. १८ एप्रिल २०२४ रोजी युरोपीय आयोगाने भारतीयांसाठी घेतलेल्या निर्णयानुसार, मागच्या ३ वर्षांत दोन व्हिसा मिळवून ते नियमाप्रमाणे वापरलेल्या अर्जदाराला २ वर्षांचा अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो, आणि त्यानंतर पासपोर्टची मुदत शिल्लक असेल तर ५ वर्षांचा. पासपोर्टचे नूतनीकरण झाले तरी जुना पासपोर्ट टाकून देऊ नका. आधीचे व्हिसा त्यातच असतात आणि पुढच्या अर्जासोबत तो जोडावा लागतो.